सुई आहे, चिठ्ठी नाही

सिकलसेलचा रुग्ण ठणकणारी हाडे घेऊन आमच्या तालुक्यातल्या खासगी दवाखान्यात गेला, की त्याला काय मिळणार हे मी न पाहता सांगू शकतो. डायक्लोफेनॅकची सुई, बहुतेक वेळा सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, एक सलाईन, पाच दिवसांचे अँटिबायोटिक आणि रक्त वाढावे म्हणून लोहाच्या गोळ्या. काय मिळणार नाही, तेही सांगतो. हायड्रॉक्सियुरिया मिळणार नाही. मी स्वतः सिकलसेलचा रुग्ण आहे. सरकारने दिलेले लाल कार्ड माझ्या खिशात आहे. ज्या कॅप्सूलने माझे दुखण्याचे झटके कमी होतात, ती लिहून द्या म्हणून मी डॉक्टरांपुढे वर्षानुवर्षे हात जोडत आलो आहे. आता हात जोडणे पुरे झाले.

गडचिरोलीतल्या डॉक्टरला हा आजार माहीत नाही, ही सबब मला मान्य नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकातच या जिल्ह्यात सिकलसेलची पाहणी केली. इथल्या आदिवासींत तो आहे, विदर्भातल्या दलित वस्त्यांत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचे नाव आहे. १ जुलै २०२३ला पंतप्रधानांनी शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरवले आणि निर्मूलनासाठी २०४७ साल जाहीर केले. आमच्याकडे आशाताई घरोघरी फिरतात, बोटाला टोचून रक्त घेतात, वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देतात. त्या आपले काम करतात. लाल कार्ड हातात आल्यावर पुढे औषध द्यायचे काम डॉक्टरचे आहे, आणि नेमके तिथेच सगळे थांबते.

हे औषध काही काल-परवा निघालेले नाही. १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत दुखण्याचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले. छातीतली गुंतागुंत आणि रक्त चढवण्याची गरजही घटली. १९९८मध्ये अमेरिकेत त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. हायड्रॉक्सियुरियामुळे रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते, त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या तुंबवण्याचे प्रमाण कमी होते. अमेरिका दूर वाटत असेल तर नागपूर जवळ आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेत हे औषध दिले, फायदा दिसला आणि २०१२मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या चार देशांत सहाशेहून अधिक मुलांना हे औषध दिले गेले. २०१९मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत दुखणे कमी झालेच, मलेरियाही कमी झाला. महाराष्ट्रातला सर्वाधिक मलेरिया ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या डॉक्टरने ही एक ओळ तरी वाचायला हवी होती.

पण डॉक्टर म्हणतात, "ती कॅन्सरची गोळी आहे, मी नाही लिहिणार." ती काही रक्ताच्या कॅन्सरवरही देतात, हे खरे आहे. म्हणून सिकलसेलमध्ये ती देऊ नये, हे कुठल्या पुस्तकात लिहिले आहे? तिचे दुष्परिणाम आहेत. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, मूल हवे असेल तेव्हा ती आधी थांबवावी लागते. म्हणूनच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची असते. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मात्रा बसली की दोन-तीन महिन्यांनी. पेशी घटल्या तर औषध थांबवायचे, पुन्हा वाढल्या की कमी मात्रेत सुरू करायचे. या तपासणीचे यंत्र आता तालुक्याच्या गावात आहे. त्याच यंत्रावर तुम्ही साध्या तापासाठीही आम्हाला पाठवता. मग या एका औषधासाठी तपासणी अवघड कशी होते?

काही डॉक्टर सांगतात, आम्ही बीएएमएस आहोत, हे औषध आमच्या अखत्यारीत येत नाही. ठीक आहे. मग स्टेरॉइडची सुई कोणत्या अखत्यारीत येते? सिकलसेलमध्ये स्टेरॉइडने क्षणभर आराम पडतो आणि ते बंद केल्यावर दुखणे उलटून अधिक जोराने येऊ शकते. आमचे मूत्रपिंड आधीच या आजाराने दुबळे झालेले असते, त्यावर डायक्लोफेनॅकचा मारा होतो. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साचत जाते, आणि तुम्ही फेरिटिन न तपासता पुन्हा लोह लिहिता. आमचे रक्त कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून. लोहाच्या कमतरतेने नव्हे. अपाय करणारे औषध लिहिताना तुमचा हात कचरत नाही. उपयोगाचे औषध लिहायची वेळ आली की तुम्हाला नियम आठवतात.

आणि मग तो आरोप. रोवण्याच्या दिवसांत बाया-माणसे दिवसभर बांधीतल्या गार पाण्यात उभी राहून धान लावतात. थंडी, ओल आणि अपुरे पाणी पिणे यांनी झटका येतो, हे सिकलसेलची तोंडओळख असलेल्यालाही ठाऊक असते. रात्री कमरेत आणि मांडीत कळ उठते, माणूस सकाळी दवाखान्यात येतो, आणि त्याला ऐकवले जाते, "तुला सुईची सवय लागली आहे." हे मला ऐकवले गेले आहे, माझ्या बायकोसमोर. रोजचे औषध तुम्ही नाकारायचे, त्यामुळे झटके यायचे, त्या झटक्यांवर सुई तुम्हीच द्यायची, तिचे पैसे तुम्हीच घ्यायचे, आणि वर व्यसनी आम्ही. याला मी फसवणूक म्हणतो.

चिठ्ठी मिळालीच, तर ती धड नसते. नाव वाचता येत नाही, मात्रा लिहिलेली नसते, ब्रँड असा की तो एकाच मेडिकलमध्ये मिळावा. औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, हा तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेचा नियम २०१६पासून आहे. त्याची अंमलबजावणी मला आमच्या गावात एकदाही दिसलेली नाही.

"गडचिरोलीला जा, नागपूरला जा," हे सांगायला सोपे आहे. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि झटक्यांचे दिवसही तेच. एसटीत आम्हाला मोफत प्रवास आहे, पण बुडालेली मजुरी एसटी भरून देत नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. एवढ्या लांब जाऊन हातात महिन्याच्याच कॅप्सूल पडणार असतील, किंवा साठा संपला असे ऐकून परतायचे असेल, तर त्या मोफतपणाचा रुग्णाला काय उपयोग? रोजचे औषध महिन्यातून दहा दिवस चुकले की त्याचा गुण दिसत नाही. मग तोच डॉक्टर म्हणतो, बघा, मी सांगितले होते ना, या गोळीने काही होत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बंधपत्रावर आलेल्या तरुण डॉक्टरांवर माझा तेवढा राग नाही. ते वर्षभरासाठी येतात, शंभर कामांत अडकतात, निघून जातात. माझा राग आहे तो वीस-वीस वर्षे एकाच गावात दवाखाना चालवणाऱ्यांवर. तुम्हाला आमची तीन पिढ्यांची नावे पाठ आहेत, कुणाच्या घरी कोण सिकलसेलने गेले हे माहीत आहे. ज्या आजारावर तुमचा दवाखाना चालतो, त्यावर एवढ्या वर्षांत एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावेसे तुम्हाला वाटले नाही.

आमची मागणी साधी आहे. मोठ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञाने मात्रा ठरवून दिली, की पुढची चिठ्ठी गावातल्या डॉक्टरने लिहावी आणि सीबीसी पाहावी. मात्रा स्थिर झालेल्या रुग्णाला एका वेळी तीन महिन्यांचे औषध मिळावे. रोजचे फॉलिक अॅसिड आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे पेनिसिलिन विसरू नये. तपासल्याशिवाय लोह देऊ नये, स्टेरॉइडची सुई बंद करावी. यातले काहीही तुम्हाला जमत नसेल, तर रुग्णाला तोंडावर तसे सांगा आणि पहिल्याच दिवशी पुढे पाठवा. पण माझा आजार मला सांभाळता येत नाही असे म्हणणाऱ्या डॉक्टरला माझ्या दुखण्यावर सुईचे पैसे घ्यायचाही अधिकार नाही.