तिथीची पाऊण

मांडव्याहून रेवदंड्याकडे किनाऱ्याने पायी निघालेल्यास सासवणे, आवास, किहीम ही गावे मागे पडल्यावर थळ लागते. समोर खांदेरी-उंदेरी ही दोन बेटे, पाठीशी नारळी-पोफळीच्या वाड्या. या वाटेवर मैलाचे दगड नाहीत. वाट आहे की नाही, हे समुद्र ठरवितो. मोठ्या उधाणाला येथील पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. सकाळी रस्त्यासारखी घट्ट असलेली वाळू दुपारी दिसतही नाही.

म्हणून पाऊल उचलण्याआधी पंचांग उघडावे लागते. कोकणकिनाऱ्याचा जुना हिशेब असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, तो धरून चालावे. भरती रोज सुमारे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, पुढे सरकते. नवकारशी पाळणाऱ्या घराला हे माप नव्याने शिकवावे लागत नाही. उपवासासाठी लक्षात ठेवलेल्या अष्टमी-चतुर्दशीच मात्र चालण्यास गैरसोयीच्या. अष्टमीला भांग असते, पाणी फारसे हटत नाही. चतुर्दशीची ओहोटी पहाटे साडेचारच्या अंधारात येते. उत्तम ती द्वितीया-तृतीया: उधाणाचा जोर टिकून असतो आणि साडेसात-आठच्या सुमारास किनारा मोकळा मिळतो.

हे उथळ पाण्याचे ज्ञान या किनाऱ्यावर एकदा युद्धात कामास आले. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची कोंडी केली. त्या जड जहाजांना चुकवून मराठ्यांच्या लहान होड्या रात्री रसद पोहोचवीत राहिल्या. किल्ला उभा राहिला. पुढे सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले, ती गोष्ट निराळी. २०२५ मध्ये खांदेरीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

ओहोटीच्या वाळूवर एक अडचण आहे, आणि ती या वाचकवर्गाला अधिक जाणवेल. पाणी हटताच इवले खेकडे बिळांबाहेर येतात, वाळूतले अन्नकण वेचून उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या भोवती मांडून ठेवतात. चालण्यास सोयीची वेळ तीच त्यांच्या जेवणाची वेळ. साधू-साध्वी विहारात चार हात भूमी पाहून पाऊल ठेवतात. येथे गृहस्थालाही तसेच चालावे लागते. गोळ्यांची नक्षी दिसली की वळसा घ्यावा, लाटेने नुकत्याच धुतलेल्या पट्ट्यावरून जावे. वेग निम्म्यावर येतो. थळहून अलिबागपर्यंतच्या वाटेला मग ठरल्यापेक्षा बराच अधिक वेळ द्यावा लागतो, आणि तोही भरतीच्या हिशेबात आधीच धरावा लागतो. उशीर झालाच, तर वरसोलीला वाळू सोडून गावातल्या रस्त्याने पुढे जाता येते.