आरोप पहिल्या पानावर, सुटका कोपऱ्यात

मरकजहून आलेल्या तबलिगींना २०२० मध्ये वाहिन्यांनी खटल्याआधीच दोषी ठरवले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी मोठा अपप्रचार केल्याचेही नोंदवले. आरोपाइतकी जागा या निकालाला मिळाली? इथे गोंदियात मला तरी दिसली नाही.

वृत्तपत्रांचे तोंड बांधा, असे मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात सीमा आखून दिली आहे. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारले, तर खासगीपणाची ढाल त्याला पुढे करता येत नाही. पण सामान्य माणसाचे घर, लग्न, कुटुंब त्याच्या संमतीशिवाय चव्हाट्यावर आणता येत नाही. सार्वजनिक नोंदीत असलेली माहिती तेवढी वेगळी.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. साहेबांच्या फायलीला हात लावताना लेखणी थरथरते, आणि संशयावरून उचललेल्या गरीब पोराचा फोटो मात्र बेधडक छापला जातो. त्याच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले, तर भरपाई कोण देणार?

मोहल्ल्यातल्या भावांनो, आपल्यापैकीही कितीतरी जण दुसऱ्यांच्या पोरांचे असे फोटो पुढे ढकलतात. तेही थांबले पाहिजे.

संपादकांकडे माझी एकच मागणी आहे: आरोप ज्या पानावर, ज्या अक्षरात छापला, सुटकाही त्याच पानावर, त्याच अक्षरात छापा.