ज्याचें गेलें त्यास विचारा

पुण्याच्या सदाशिव, नारायण, कसबा आदि जुन्या पेठांत पहांटे देवदर्शनास निघालेल्या वृद्ध स्त्रीचें मंगळसूत्र दुचाकीवरून येऊन हिसकावून नेण्याच्या प्रकारांत आतां नवल राहिलेलें नाहीं. वाडे पाडून इमारती झाल्या, मुलें परदेशीं गेलीं, आणि ओट्यावर बसून बोळांत कोण आलें, कोण गेलें हें पाहणारें माणूस दिसेनासें झालें. यावर उपदेश मिळतो तो असा कीं, बायकांनीं दागिने घालून बाहेर पडूं नये! म्हणजे चोरानें आपला धंदा चालवावा, व जिचें गेलें तिनें आपला नित्यक्रम सोडावा. ती तो सोडतेही. सोन्याची किंमत पंचनाम्यांत लिहिली जाते. पहांटेचें देऊळ सुटलें, हें नुकसान कोणत्याच कागदावर येत नाहीं.

पुष्कळदां सोन्याचेंही येत नाहीं. वृद्ध माणसें चौकीच्या खेपांस कंटाळतात. आणि गणेशोत्सवाच्या गर्दींत खिशांतून काढलेला मोबाइल 'चोरीस गेला' असा न लिहितां 'गहाळ झाला' असा लिहून घेण्यांत लेखणीची एक निराळीच चतुराई असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मोजतो ते नोंदलेले गुन्हेच. शिवाय एका फिर्यादींत अनेक गुन्हे असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच धरला जातो. अशा आंकड्यांवरून पेठा निर्भय आहेत असें अनुमान काढणें हें, रोगी कण्हत नाहीं म्हणून त्यास बरा ठरविण्यासारखें होय.

कायद्यांत उणीव आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती नोंदलीच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ललिताकुमारी खटल्यांत 2013 सालींच ठरविलें. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या नव्या संहितांनीं हिसकावून नेणें हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा स्वतंत्र गुन्हा केला. फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देण्याची मुभा दिली. तपासाची प्रगति फिर्यादीस 90 दिवसांच्या आंत कळविण्याचें बंधन घातलें. आमच्या जुन्या गांवगाड्यांत चोराचा माग न लागल्यास गेलेला माल भरून देण्याची जबाबदारी राखणदार रामोश्यावर येई. त्या रीतींत गरीब राखणदाराचा छळ होता, ती परत आणावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्याचें गेलें त्याची आठवण तींत शेवटपर्यंत राहत असे. आजच्या खटल्यांत तो केवळ एक साक्षीदार उरतो.

तेव्हां फिर्यादींची वाट न पाहतां घरोघर जाऊनच विचारलें पाहिजे. इंग्लंडांत अशी पाहणी 1982 पासून होत आली आहे. ज्या पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगिळांनीं 1945 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, त्या शहरास हें काम अवघड नाहीं. महानगरपालिकेनें खर्च उचलावा, महाविद्यालयांनीं विद्यार्थी द्यावे. पोलिसांस मात्र या कामापासून दूर ठेवावें, नाहींतर उत्तरें मिळावयाचीं नाहींत. गेल्या वर्षांत काय गेलें, तें कोठें व कोणत्या वेळीं गेलें, पोलिसांस कळविलें काय, नसल्यास कां, एवढे प्रश्न पुरे आहेत. गस्त कोणत्या बोळांत घालावी आणि नगरपालिकेचा दिवा कोठें जळत नाहीं, तें त्या उत्तरांवरून समजेल.