ग्रामसभेत बोलणार कोण?

प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधीजयंती या चार दिवशी महाराष्ट्रातील गावोगावी ग्रामसभा भरतात. निदान भरल्याची नोंद तरी इतिवृत्तात होते. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे परळी ते लातूर रोड या लोहमार्गावरचे गाव. तेथील असो वा अन्य कोठलीही, एखादी ग्रामसभा वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. एक गृहस्थ उठतो आणि विचारतो, ‘वस्तीवरच्या रस्त्याचे काम पुरे झाले असे कागदावर दिसते, मग खडी कोठे गेली?’ प्रश्न साधा आहे. त्याला उत्तर दोनच प्रकारचे असू शकते : खडी अमुक ठिकाणी पडली आहे, चला दाखवितो, किंवा पडली नाही, चौकशी करतो. प्रत्यक्षात मिळते ते उत्तर तिसरेच असते. हा गृहस्थ मागील निवडणुकीत कोणाच्या जीपमधून फिरत होता, त्याची घरपट्टी किती वर्षे थकली आहे, त्याला हा प्रश्न कोणी पढविला, याचा ऊहापोह होतो. आणि दहा मिनिटांत खडी बाजूला राहून दोन घराण्यांचे जुने वैर सभेपुढे येते.

दोष केवळ सरपंचाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न विचारणाराही पुष्कळदा ‘सगळे चोर आहेत’ या वाक्याने आरंभ करतो. सगळे चोर आहेत असे म्हटले की खऱ्या चोराला मोठाच दिलासा मिळतो, कारण त्याच्यावर स्वतंत्रपणे काही आरोप झालेलाच नसतो. याउलट, अमुक तारखेच्या ठरावानुसार अमुक रुपये खर्ची पडले, मोजमाप पुस्तिकेत लांबी इतकी नोंदली आहे आणि आम्ही दोरी धरून मोजली तेव्हा ती इतकी भरली, असे जो बोलतो त्याला गटातटाचा शिक्का मारून गप्प करणे कठीण जाते. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये केला. तेव्हापासून हे कागद मागण्याचा हक्क सामान्य माणसाला आहे. कागद न पाहता बोलण्याची सबब त्यामुळे आता उरलेली नाही.

मराठवाड्याला तर या गोष्टीचे मोल अधिक कळावयास हवे. निजामी राजवटीत जाहीर सभा भरविण्यास पूर्वपरवानगी लागे, आणि राज्यकारभाराविषयी चार शब्द बोलावयाचे तर राज्याबाहेर जावे लागे. हैदराबाद संस्थानातील प्रजेच्या राजकीय परिषदा १९२३ मध्ये काकिनाड्यास, १९२६ मध्ये मुंबईस, १९२८ मध्ये पुण्यास आणि १९३१ मध्ये अकोल्यास भरल्या, त्या याच कारणाने. घरातले गाऱ्हाणे सांगण्यासाठी शेजाऱ्याच्या ओसरीवर बसावे, तसाच हा प्रकार होता. ज्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी विद्यालयाच्या निमित्ताने तरुणांना जमविले, त्याच तालुक्यात आज कायद्याने वर्षातून किमान चार वेळा राज्यकर्त्याला प्रजेपुढे बसविले आहे. १९४८ च्या मुक्तीनंतर जे हाती आले त्यात हा हक्क लहान नव्हे.

पण तो वापरला कसा जातो, हे पाहू लागले की मन खिन्न होते. ग्रामपंचायत कायद्याखालील नियमांप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे जमणे अवघड नाही. तरीही सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पाच-पंचवीस मंडळींच्या साक्षीने विषयपत्रिका वाचून दाखविली जाते, ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते आणि पुढे सह्या फिरतात. ज्याला टीका ऐकावयाची नाही त्याला सभा मोडावी लागत नाही. ती ओस पडू दिली म्हणजे पुरे.

यावर उपाय सुचला तो राजस्थानातील मजुरांना. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराणा या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी घेतली. तेथे कोणी भाषण केले म्हणून ती गाजली नाही. हजेरीपट मोठ्याने वाचण्यात आले, आणि ज्यांची नावे वाचली गेली ती माणसे समोर बसलेली होती. आपण त्या कामावर पाऊलही टाकले नव्हते हे ती जागच्या जागी सांगू लागली. विशेषण एकही न वापरता केलेली अशी टीका दुसरी क्वचितच सापडेल. याच अनुभवातून २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत दोन बारकावे होते, ते आम्हांस फार शहाणपणाचे वाटतात : हजेरीपटाचे जाहीर वाचन व्हावे, आणि या सभेचे अध्यक्षपद सरपंचाने भूषवू नये. ज्याच्या कामाची तपासणी व्हावयाची त्याच्याच हाती बोलू देण्याचा अधिकार ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात ज्या महाराष्ट्राने देशाला दिली, त्याला तिच्या हिशेबाची रीत राजस्थानकडून घ्यावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ऐकणाऱ्याची कसोटी मात्र नियमांनी लागत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा देशात आणीबाणी होती. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, आणि अध्यक्षा दुर्गाबाई भागवत त्याच आणीबाणीविरुद्ध त्यांच्या समोर बोलल्या. गाव यशवंतरावांचे, सत्ता त्यांच्या पक्षाची. त्यांनी ते ऐकून घेतले. त्यामुळे आणीबाणी सैल झाली नाही, पुढे दुर्गाबाईंना तुरुंगवासही घडला. तेव्हा यशवंतरावांच्या त्या ऐकण्याला उगीच देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. परंतु सभा उधळली गेली नाही आणि बोललेला शब्द महाराष्ट्रभर पोचला, हे काही कमी झाले नाही.

आजची स्थिती त्याहून कठीण आहे असे म्हणावेसे वाटते. अंबाजोगाईला लागूनच केज तालुका. तेथील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून करण्यात आला. पवनचक्कीच्या प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. निर्णय न्यायालयाने द्यावयाचा आहे आणि त्यावर आम्ही येथे भाष्य करीत नाही. परंतु त्या घटनेनंतर या जिल्ह्यातील कोणत्याही गावात ‘हे बरोबर नाही’ असे म्हणण्यासाठी उठणाऱ्या माणसाच्या मनात काय चालत असेल, याचा विचार पुण्या-मुंबईच्या वाचकाने अवश्य करावा. टीका कशी करावी याचे पाठ त्याला देणे सोपे आहे. त्याला आधी घरी सुखरूप पोचण्याची हमी हवी आहे.

ज्यांच्यापाशी कागद असतात त्या कर्मचाऱ्यांचीही वाट सोपी नाही. राज्य शासनाने २८ जुलै २०२५ च्या निर्णयाने कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई केली. सेवेची शिस्त आम्हांस मान्य आहे. धोरणाची अंमलबजावणी ज्याने करावयाची त्याने रोज त्याची जाहीर टवाळी करावी, हे कोणतेच शासन चालवून घेणार नाही. पण शिस्तीचा अर्थ गावात असा लागतो की साहेबांनी मौनच पाळावे. मोजमाप चुकले हे ठाऊक असलेला ग्रामपंचायतीचा अधिकारी सभेत खाली मान घालून बसला, तर खडीविषयी विचारणाऱ्याच्या बाजूने साक्ष देणार कोण? हिशेबातली चूक सांगणे म्हणजे धोरणावर टीका करणे नव्हे, असे एक वाक्य शासनाने स्पष्टपणे लिहून दिले तर बरे होईल.

आणि बीड जिल्ह्यापुरती एक गोष्ट अशी आहे, जिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. दसरा-दिवाळी झाली की येथील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात व उन्हाळा तोंडावर आला की परततात. म्हणजे २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा हजेरीपटावर ज्यांची नावे असण्याचा अधिक संभव, ती माणसे दूर कोठे तरी कोयता चालवीत असतात. त्यांच्या नावाने कोणते काम झाले आणि कोणी मजुरी उचलली, हे त्या दिवशी कितीही मोठ्याने वाचले तरी ‘मी तेथे नव्हतो’ असे म्हणावयास गावात कोणी नसते. मजुरीच्या कामांचा हिशेब वाचावयाचा असेल तर तो १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सभेत वाचावा, आदल्या दिवशी वाड्या-तांड्यांवर दवंडी द्यावी, आणि अध्यक्षपदी पंचायतीबाहेरचा, कोणाचे देणे नसलेला एखादा वयस्क माणूस बसवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा परिषदेने एक परिपत्रक काढले तरी काम भागते.