भेट उघडली, पुढे काय?

नाताळच्या आदल्या दिवशी मुलांचा उत्साह काही विचारू नका! गोठ्यावरून शेवटचा हात फिरवायचा असतो, दारातल्या ताऱ्याचा दिवा नेमका ऐनवेळी लागत नसतो, रात्रीच्या मिस्सेला नवे कपडे घालून जायचं असतं. पंचवीस तारखेची सकाळही शुभेच्छा, केक आणि भेटींची खोकी उघडण्यात भुर्रकन निघून जाते. खरी पंचाईत होते ती दुपारी. जेवणं उरकलेली, मोठी माणसं पेंगुळलेली, लहानगी नव्या खेळण्यांत रमलेली. आणि आपले चौदा-पंधरा वर्षांचे चिरंजीव किंवा कन्यारत्न? कोपऱ्यात, मान खाली, हातात मोबाइल. ‘अरे, मावशी आल्यात, जरा बाहेर ये,’ असं तीनदा सांगून होतं. चौथ्यांदा आपला आवाज चढतो आणि सणाच्या दिवशी घरात रुसवेफुगवे सुरू.

वसई असो, गोवा असो की पुणे-अहिल्यानगर, घरोघरी मातीच्या चुली! पण दोष सगळा मोबाइलवर ढकलून चालायचं नाही. हीच मुलं गोठा उभारताना चार-चार दिवस तहानभूक विसरून राबतात ना? कारण तिथे त्यांना खरं काम असतं आणि मोठी माणसं त्यांचं ऐकतात. नाताळच्या दुपारी मात्र त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. खेळणी लहान पडतात आणि मोठ्यांच्या गप्पा कंटाळवाण्या वाटतात. म्हणून भेट घेताना एकच प्रश्न मनाशी विचारावा. आज, याच घरात, याच माणसांबरोबर तिला याचं काय करता येईल?

या कसोटीला आपला जुना कॅरम अजूनही उतरतो. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी आणि चारही बाजूंना माणसं! आजोबा आणि नातू एका बाजूने खेळू शकतात, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. बोर्ड घरात असेलच तर नवा चांगला स्ट्रायकर, सोंगट्या आणि पावडरचा डबा एवढी भेटही पुरते.

ज्यांना गलका नको असतो, त्यांच्यासाठी जिगसॉ. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात लाकडावर नकाशे चिकटवून त्यांचे तुकडे केले, ते मुलांना भूगोल शिकवण्यासाठी. आज तोच खेळ आजीही आवडीने खेळते. पहिल्यांदाच घेणार असाल तर पाचशे तुकड्यांचा घ्या, हजाराचा पाहून धीर सुटतो. सोबत प्लायवूडची एक फळी द्या. पाहुण्यांसाठी टेबल मोकळं करायचं झालं, की फळीसकट चित्र पलंगाखाली सरकवता येतं. येता-जाता कुणीही एखादा तुकडा लावून जातं, न बोलणारं मूलही ‘तो नाही, हा बघ’ म्हणू लागतं. आणि त्या दिवशी नाही झालं, तर सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत वेळ आहेच की!

गाण्याची आवड असेल तर युकुलेली पाहा. चार नायलॉनच्या तारा, गिटारपेक्षा लहान, बोटांनाही कमी त्रास. सी, एफ आणि जी-सेव्हन एवढ्या तीन कॉर्ड्सवर कितीतरी साधी गाणी वाजतात. दुपारी खटपट केली तर संध्याकाळच्या कॅरलला साथ धरता येते. फक्त नव्या तारा ताणल्या जाऊन सारख्या उतरतात, हे आधीच सांगा. नाहीतर ‘बिघडलेलीच आणली’ म्हणून ती बाजूला पडायची.

आणि जवळजवळ फुकटातली एक भेट सुचवू? घरातल्या जुन्या फोटोंचा डबा, एक कोरा अल्बम आणि चांगलं पेन. ‘आजीला विचारून प्रत्येकाचं नाव आणि गाव लिहून काढायचं, हे काम तुझं.’ इथे मोबाइलही कामाला येतो. फोटोंचे फोटो काढायचे, आजीचं बोलणं रेकॉर्ड करायचं. त्या फोटोंतली माणसं ओळखणारं घरात एकच माणूस उरलेलं असतं. हे काम पुढच्या नाताळवर टाकू नये.

काही पथ्यंही पाळायला हवीत. सेल लागणारी वस्तू असेल तर सेल आधीच आणून ठेवा. सणाच्या दिवशी दुकान उघडं सापडेलच असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा असली, तरी रंगीत कागदात गाइड गुंडाळून देऊ नका. अंगाने भरलेल्या मुलीला वजनाचा काटा तर नकोच नको. भेटीतला टोमणा या वयात बरोबर कळतो आणि वर्षानुवर्षं लक्षात राहतो. शिवाय दिवसभर कार्यक्रम आखू नका. तासभर एकटं बसावंसं वाटलं तर बसू द्या.

आता मनातलं बोलते. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीला मी हौसेने युकुलेली दिली होती. रात्री नऊ वाजता पाहिलं तर खोकं तसंच बंद. सकाळपासून ती करंज्यांची ताटं लाव, चहा टाक, भांडी आवर, यातच होती. तिचा भाऊ दुपारभर कॅरम खेळत होता. ‘उघडते ना मावशी, एवढे कप विसळले की,’ ती म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता. मलाच चरचरलं. भेट मी दिली होती, पण ती वाजवायला वेळ कुणी द्यायचा होता? आणि सगळ्या दुपारभर मी तरी कुठे पाहिलं होतं?

तेव्हापासून आमच्याकडे जेवणानंतरची भांडी मुलगे आणि पुरुष घासतात. पहिल्या वर्षी दोन प्लेटा फुटल्या, थोडी कुरकुरही झाली. आता कुरकुर नाही. प्लेटा अधूनमधून फुटतात.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा भेटीची यादी करताना खाली आणखी एक ओळ लिहा. मुलीची दुपार मोकळी ठेवणं. आणि तिथेच, हळूच, आपलीही!