जुनी सायकल आणि खरी काटकसर

कोंकणांत घरोघरच्या पडवींत एखादी जुनी सायकल गंजत पडलेली आढळते. ती कोणी वापरीत नाहीं आणि कोणी टाकीतहि नाहीं. आमचें मत असें आहे कीं, अशी सायकल घरच्या घरीं, थोडक्या पैशांत दुरुस्त करणें हें विद्यार्थ्यास मिळण्याजोगें एक उत्तम शिक्षण होय. मात्र काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये हें ज्यास कळत नाहीं, त्याला तेंच शिक्षण महागांत पडतें. हा दुसरा धडा आम्ही स्वतः चुकून शिकलों, म्हणूनच हे चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

ता. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या महापुरानें चिपळूण शहर पाण्याखालीं गेलें. आमच्या मेहुण्यांच्या घरांत वांकड्या हँडलाची, शर्यतीच्या धर्तीची एक जुनी सायकल होती, तीहि बुडाली. पूर ओसरल्यावर ती भंगारवाल्यास द्यावयाचें ठरत होतें. आम्हीं ती मागून लोट्यास आणली. पुढें बरेच दिवस ती आमच्याहि पडवींत तशीच पडून राहिली. अखेर एका उन्हाळ्याच्या सुटींत आमचे चिरंजीव व आम्ही असे दोघे पाने-पक्कड घेऊन बसलों.

पुराचा गाळ सायकलीच्या कोणत्या सांध्यांत शिरत नाहीं तें विचारा! चाकांचे धुरे काढले तों आंतील ग्रीसचा चिखल झालेला, आणि छर्रे तांबेऱ्यानें चिकटलेले. ते मोजून, थोड्या डिझेलांत धुऊन पाहिले. ज्यांस खड्डे पडले होते ते सगळे बदलले. डावें पायडल सोडवितांना चिरंजीवांनीं तासभर जोर केला, पण तें अधिकच आवळलें जाई. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हें तेव्हां त्यांस कळलें. तें आतां ते जन्मभर विसरणार नाहींत. लोखंड, हवेंतील प्राणवायु व पाणी यांच्या संयोगानें गंज होतो, आणि आम्लांत तो विरघळतो, हें आम्ही वर्गांत फळ्यावर लिहितों. येथें लिंबाच्या रसानें तें डोळ्यांदेखत घडलें. रसानंतर सोड्याचें पाणी, मग कोरडें फडकें व लगेच तेलाचा हात. हा क्रम चुकला तर कोंकणच्या दमट हवेंत दुसऱ्याच दिवशीं गंज पुनः चढतो. साखळीची परीक्षा फूटपट्टीनें होते. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्याच कड्या एक-षोडशांश इंचानें वाढल्या म्हणजे साखळी बदलावी, नाहीं तर ती दांतेरी चक्रेंहि खाऊन टाकते.

हें काम हलकें, असें कोणास वाटत असेल तर त्यानें बेळगांवचा इतिहास आठवावा. १८८८ सालीं, ज्या वर्षीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें त्याच वर्षीं, किर्लोस्कर बंधूंनीं तेथें सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. सायकलीच्या त्या धंद्यामागून लोखंडी नांगर आला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच्या उलट, ३ जून २०२० रोजीं, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल-दिनीं, ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. कारखाने बंद पडतील, पण हातांतील कसब बंद पडूं देणें हें आपलें आपणच केलेलें नुकसान होय.

आतां हिशेब. टायर-ट्यूब अकराशें रुपये, साखळी अडीचशें, छर्रे व ग्रीस सव्वाशें. ब्रेकचे रबरी ठोकळे नवे घातले. परंतु ब्रेकची तार वरून बरी दिसली, म्हणून तीच ठेवून आम्हीं चाळीस रुपये वांचविले, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानहि वाटला. पहिल्याच रविवारीं दुपारीं चिरंजीव सायकलीवर आणि आम्ही मागून स्कूटरवर, असे चिपळुणास निघालों. परशुराम घाटाच्या उतारावर, समोरून ट्रक येत असतां, पुढच्या ब्रेकची तार तुटली. मुलानें प्रसंगावधान राखून मागचा ब्रेक दाबीत सायकल डोंगराच्या बाजूस गटारांत घातली. कोपर सोलवटलें, एवढ्यावरच निभावलें. घरीं येऊन तार नळींतून ओढून काढली, तों आंतल्या भागांत तिचे धागे पूर्वींच गंजून झिजलेले दिसले. आम्हीं ती काढून पाहिलीच नव्हती. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों : रंग उडाला असेल तर उडूं द्या, खोगीर फाटलें असेल तर शिवून घ्या, मडगार्डाचा पोचा हातोडीनें काढा. येथें वांचविलेला प्रत्येक पैसा ही खरी काटकसर. पण ब्रेक, तारा, टायर आणि हँडलाचे सांधे यांवर जीव तोललेला असतो. तेथें पैसा वांचविणें ही काटकसर नव्हे, तो कृपणपणा होय, आणि त्याची किंमत बहुधा दुसराच कोणीतरी देतो. जी वस्तु डोळ्यांआड आहे ती काढून पाहिल्यावांचून तिच्यावर विश्वास ठेवूं नका.

सायकल आतां चांगली चालते. चिरंजीव दर शनिवारीं दोन्ही तारा स्वतः तपासतात, आणि आम्हांसहि पाहावयास लावितात. पडवींत पडलेली सायकल या सुटींत बाहेर काढा. पण हाताशीं नवी तार असूं द्या.