शरीराचा राजा कोण?

पोटाविरुद्ध हातापायांनीं बंड केल्याची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकिली आहे. आपण राबावें आणि पोटानें आयतें खावें, हें त्यांस सहन होईना. म्हणून हातांनीं घांस उचलण्याचें व दांतांनीं चावण्याचें सोडिलें, आणि थोड्याच दिवसांत सारेच गळून गेले. प्राचीन रोममध्यें रुसून नगराबाहेर गेलेल्या सामान्य जनांस मेनेनियस अग्रिप्पा यानें हीच गोष्ट सांगून परत आणिलें, असें इतिहासकार लिव्ही लिहितो. गोष्ट सांगणारा सत्ताधाऱ्यांकडून आला होता, हें मात्र विसरतां कामा नये. एकावांचून दुसऱ्याचें चालत नाहीं, हा तिचा बोध खरा. परंतु शरीरांत एकानें बसावें व बाकीच्यांनीं त्याची चाकरी करावी, हा तिच्यांतून निघणारा अर्थ खोटा आहे, असें आमचें मत आहे.

साताऱ्याचा एखादा विद्यार्थी अजिंक्यताऱ्याची चढण झपाट्यानें चढूं लागतो, तेव्हां काय घडतें तें पाहा. पायांच्या स्नायूंस अधिक प्राणवायु हवा असतो. हृदय विश्रांतींत दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतें. तेंच निकराच्या श्रमांत निरोगी तरुणाच्या ठिकाणीं २० लिटर किंवा त्याहूनही अधिक ढकलूं लागतें. छातीचा भाता वेगानें हालूं लागतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या लहानशा ग्रंथि अ‍ॅड्रिनॅलिन रक्तांत सोडतात. यकृत आपल्या कोठारांतील साखर बाहेर काढितें. आंतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व स्नायूंतील वाहिन्या रुंदावतात. विश्रांतींत एकंदर रक्तप्रवाहाचा सुमारें पांचवा हिस्सा स्नायूंकडे जात असतो. अतिशय निकराच्या श्रमांत तो चार पंचमांशांपर्यंत वाढतो. जेवणावर लगेच धांवूं नये, असें घरचीं वडील माणसें सांगतात, त्यांतील मर्म हेंच कीं, एकाच रक्तावर दोघांची मागणी पडते. इतक्यांत अंग तापतें, तों त्वचा घाम गाळून तें निववूं लागते.

मग या सर्वांवर हुकूम कोणाचा? मेंदूचा, असें आपण चटकन म्हणतों. पण त्या मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकें असून विश्रांतींत प्राणवायूचा जवळजवळ पांचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि त्याचा रक्तपुरवठा दहा-पंधरा सेकंद तुटला तरी मनुष्य बेशुद्ध पडतो. श्वास जलद करावा कीं मंद, हें ठरवितांना त्यास रक्तांतील कर्बवायूच्या प्रमाणाकडे पाहावें लागतें. म्हणजे हुकूम सोडणाराच खालून येणाऱ्या वर्दीवर अवलंबून! हृदयाचा ठोका हृदयांतच उपजतो. मज्जातंतु व ग्रंथिरस त्याची गति कमीजास्त करितात. ज्या मूत्रपिंडांस आपण केवळ गाळणी समजतों, तीं प्राणवायु कमी पडल्याचें ओळखून हाडांतील मज्जेस अधिक तांबड्या पेशी करण्याचा निरोप धाडितात. येथें राजा कोणी नाहीं. सर्वजण एकमेकांचे चाकर आणि एकमेकांचे कारभारीही आहेत.

या संबंधांत आपल्याच भागांतील एका राजाचें स्मरण होतें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांच्या संस्थानाचे तुकडे आज निरनिराळ्या जिल्ह्यांत आहेत. औंध साताऱ्यांत, तर आटपाडी व कुंडल सांगलींत. त्यांनीं सूर्यनमस्कार आपल्या शाळांतून सुरू केले. १९३८ सालीं त्यांच्या पद्धतीचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें निघालें. याच राजानें १९३९ च्या घटनेनें आपली सत्ता प्रजेच्या प्रतिनिधींच्या हातीं दिली व कारभाराचा पाया ग्रामपंचायतींवर घातला. या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्याशा वाटतात. नमस्कारांतही कोणी एक अवयव बसून राहात नाहीं. वांकतांना श्वास सोडावयाचा, ताणतांना घ्यावयाचा; डोकें खालीं जातांच मानेच्या धमन्यांतील दाब वाढल्याचें तेथील मज्जातंतूंस कळतें व त्यांच्या वर्दीवरून हृदयाची गति सांवरली जाते; कानाच्या आंतलें इंद्रिय तोल सांभाळतें.

असें असतां पुष्कळ शाळांतून काय चालतें? शास्त्राच्या तासाला पचनसंस्था, श्वसनसंस्था, रुधिराभिसरण अशीं प्रकरणें एकेक करून घोकावयाचीं, आणि परीक्षा जवळ आली कीं व्यायामाचा तास गणिताला द्यावयाचा. जणूं काय गणित सोडविणारा मेंदू निराळ्या देहांत राहतो! वेळ थोडा, अभ्यास फार, ही शिक्षकांची अडचण खोटी नाहीं. प्रकरणें पाडल्यावांचून शिकवितां येत नाहीं, हेंही मान्य आहे. परंतु घड्याळाचीं चक्रें सुटीं करून दाखविणाऱ्यानें तीं पुन्हां जुळवून घड्याळ चालूं केलें पाहिजे.

यासाठीं नवा खर्च नको. आठवड्यांतून एक तास शास्त्रशिक्षक व व्यायामशिक्षक यांनीं मिळून घ्यावा. मुलामुलींनीं प्रथम स्वस्थ बसून आपली नाडी व श्वास मोजावे. मग नमस्कार, जोर किंवा धांवणें, ज्यास जें झेपेल तें करावें. पुन्हां मोजावें, आणि पांच मिनिटांनीं आणखी एकदां. आजारी वा अशक्त मुलानें वैद्याच्या सल्ल्याप्रमाणें चालावें. तो इतरांचे आंकडे मांडील. त्या चार ओळींच्या तक्त्यांत सर्व प्रकरणें एकत्र आलेलीं दिसतील. माण तालुक्यांतील मोहीची ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकांत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धांवली व दहावी आली. ती धांव एकट्या पायांची नव्हती, हें असा तक्ता मांडलेल्या मुलास निराळें सांगावें लागणार नाहीं.

तेव्हां विद्यार्थिबंधुभगिनींनो, व्यायामाचा तास हा अभ्यासांतून चोरलेला वेळ आहे, असें कोणी म्हटलें तर त्यास आदरानें विचारा कीं, अभ्यास करणाऱ्या मेंदूस रक्त कोण पुरवितें? आणि तुमच्यापैकीं कोणी व्यायामाच्या बढाईंत पुस्तक झोंकून दिलें, तर त्यासही विचारा कीं, त्या हातपायांस निरोप कोण पोंचवितें? दोहोंचें उत्तर एकच आहे. शरीर हें एकाचें राज्य नसून सर्वांची पंचायत आहे. तींतील एकाही पंचाचें तोंड बंद करून कारभार नीट चालावयाचा नाहीं.